मुलगी ‘परत’ येते म्हणजे कुठे येते?

सरकारदरबारचे फॉर्म आपण सगळ्याच भरतो. त्यांतल्या पुष्कळ फॉर्मांवर ‘मूळ गाव’ असा एक रकाना असतो. पुरुष तो न थांबता भरून टाकतात. बाईचा हात मात्र तिथे थबकतो. जातीच्या दाखल्यासाठी जन्मभर वडिलांचं गाव लागतं. रेशनकार्ड लग्नानंतर नवऱ्याच्या गावचं होतं. आणि ज्या चाळीत, ज्या गल्लीत ती वाढली, जिथल्या शाळेत गेली, ते ठिकाण या रकान्यात बसेलच असं नाही.

‘परतणं’ हा शब्द या रकान्यावर उभा आहे. ज्याला मूळ गाव आहे तो बाहेर जातो आणि परत येतो. गेली काही वर्षं आपल्याकडे ‘माघारी स्थलांतर’ आणि ‘तरुणाई’ या विषयावर बरीच चर्चा होते, परिसंवाद होतात, योजना निघतात. या चर्चांमध्ये परत येणारा तरुण म्हणजे कोण असतो? पाठीवर बॅग टाकून एसटीतून उतरणारा विशीतला मुलगा. मुलगी त्याच एसटीतून उतरली तरी ती ‘परत आलेली तरुणी’ ठरत नाही. ती कुणाबरोबर तरी आलेली असते. मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे की मुलीचं परतणं ही वेगळी गोष्ट आहे, ती वेगळी मोजली पाहिजे आणि तिच्याविषयीचे प्रश्न तिलाच विचारले पाहिजेत.

या विषयाकडे मी कशी वळले असं मला शिबिरांमध्ये अनेकदा विचारलं जातं. एरवी स्वतःबद्दल लिहायचं टाळते. पण इथे ती वाट सांगितल्याशिवाय मुद्दा नीट कळणार नाही, म्हणून थोडं सांगते.

माझा जन्म गिरणगावातला. वडील कापड गिरणीत, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. मुंबईच्या गिरण्या कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी चालवल्या हे आपण जाणतोच. पुरुष मुंबईत, बायका गावी, दर महिन्याला मनीऑर्डर, आणि चाकरमानी गणपतीला, शिमग्याला घरी, ही रीत कित्येक पिढ्यांची. हेमलता दांडेकरांनी सातारा जिल्ह्यातल्या सुगाव या गावाचा चाळीस वर्षांचा अभ्यास केला आणि १९८६ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ‘पुरुष मुंबईला, बायका घरी’ अशा अर्थाचं त्याचं नाव आहे. नावातच सगळी व्यवस्था आली. २०११च्या जनगणनेतसुद्धा रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. ही संख्या पाहून कुणी कोकणाला स्त्रियांची कदर करणारा मुलूख म्हणू नये. पुरुष पोटासाठी बाहेर आहेत, एवढाच तिचा मुख्य अर्थ.

गिरणगावात बायका नव्हत्या असं मात्र नाही. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. पुढे यंत्रं आली, नियम आले आणि बायकांची खाती आटत गेली. मग त्यांनी खानावळी चालवल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्या बायकांचं. आणि जिथे बायका राहिल्या, तिथे मुलीही जन्मल्या, वाढल्या. त्यांचं गाव मुंबई. ‘मूळ गाव’ त्यांनी फक्त मे महिन्यात आणि गणपतीत पाहिलेलं.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबत गेला तशी गिरणगावातली घरं एकेक करून विस्कटली. भाडं थकलं, वाण्याची उधारी थकली, भांडी मोडीत गेली. बरीच कुटुंबं गावी गेली. आमच्यात मी सातवीत, बहीण नववीत, भाऊ आठवीत होता. मे महिन्यात आई आम्हां दोघी बहिणींना घेऊन गावी गेली आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा आम्ही परतलो नाही. भाऊ काकाकडे मुंबईतच राहिला, कारण त्याची दहावी व्हायला हवी होती आणि पुढे त्याला कुठेतरी चिकटवता आलं असतं.

यात घरात कुणी दुष्ट नव्हतं. काकाच्या खोलीत एकाच मुलाची सोय होणार होती. ती मुलाची झाली. आमच्या चाळीतल्या घराघरांत हेच ठरलं, आणि कुठल्याही घरात त्यावर वाद झाल्याचं मला आठवत नाही. वाद झाला नाही याचाच मी पुढे अभ्यास केला असं म्हटलं तरी चालेल.

गावी आम्ही ‘मुंबईच्या पोरी’ होतो. विहिरीवरून पाणी, गोठा, भाताची लावणी, गवत ही कामं आली. हायस्कूल दुसऱ्या गावात होतं आणि पावसाळ्यात मधल्या पऱ्याला पाणी आलं की शाळा बुडायची. मी कशीबशी जात राहिले. बहीण गेलीच नाही. मोठी मुलगी घरात हवी होती, आणि वयात आलेली मुलगी रान तुडवत जाणार कशी, हेही होतं. दोन वर्षांत तिचं लग्न झालं. मला आत्यानं मुंबईला नेलं. तिच्या खानावळीतले गडी गावी निघून गेले होते, उधारी बुडाली होती, म्हणून ती ऑफिसांना पोळीभाजीचे डबे देऊ लागली होती आणि तिला हाताखाली कुणी तरी हवं होतं. दिवसा पोळ्या आणि संध्याकाळी रात्रशाळा, अशी माझी दहावी झाली. पुढे कॉलेज आणि एम.ए.ही झालं.

एम.ए.नंतर गिरण्या बंद पडल्यावर गावी गेलेल्या कामगारांच्या एका पाहणीत मला काम मिळालं. छापील प्रश्नावली होती. कुटुंबप्रमुखाचं नाव, गिरणीतलं खातं, किती वर्षं नोकरी, सध्या काय करता. मुलींसाठी एक ओळ होती: ‘आश्रित व्यक्ती’. आम्ही ओसरीवर बसून प्रमुखाला प्रश्न विचारायचो आणि मुंबईत जन्मलेली, मुंबईत शिकलेली मुलगी आतून चहा आणून द्यायची. मी तिच्याशी मागच्या दारी बोलायला लागले. मला मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांना मी सांगितलं की या मुलींच्या परतण्यावर मला लिहायचं आहे. ते म्हणाले, “अहो, त्या कुटुंबाबरोबर आल्या. यात स्थलांतर कुठे आहे?”

तो प्रश्न मला अजून पुरतो आहे. कारण ते एकट्या त्यांचं मत नव्हतं, शास्त्रच तसं बांधलेलं होतं. इटालियन समाजशास्त्रज्ञ फ्रान्सेस्को चेरासे यांनी १९७४ साली अमेरिकेहून दक्षिण इटलीत परतलेल्यांचा अभ्यास करून परतण्याचे चार प्रकार मांडले. कुणी अपयश आलं म्हणून परततो, कुणी साठवलेल्या पैशात गावी जुन्याच रीतीनं नीट राहावं म्हणून, कुणी म्हातारपणी विसावा घ्यायला आणि कुणी काही नवं करून दाखवायला. मांडणी उपयोगी आहे, मीही ती शिकवते. पण या चारही प्रकारांत एक माणूस गृहीत आहे, ज्यानं जायचं स्वतः ठरवलं आणि यायचंही स्वतः ठरवलं. माझी बहीण यांतल्या कुठल्या प्रकारात बसते? ती गेलीच नव्हती, मग परत कशी आली?

आता आपल्या जनगणनेकडे पाहू. स्थलांतराचं कारण जनगणनेत पहिल्यांदा विचारलं गेलं १९८१ साली. कारणं ठरावीक आहेत: काम, शिक्षण, विवाह, कुटुंबासोबत वगैरे. शिवाय माणूस आधी कुठे राहत होता हे विचारताना फक्त शेवटचं ठिकाण विचारलं जातं. त्यामुळे काय होतं ते बघा. मुलगी मुंबईत जन्मली. चौदाव्या वर्षी तिला गावी धाडलं. सोळाव्या वर्षी शेजारच्या गावात तिचं लग्न लावलं. जनगणना तिला विचारते, शेवटची कुठून आलात? या गावाहून त्या गावाला. कारण? विवाह. जन्मस्थानाच्या रकान्यात ‘मुंबई’ तेवढी उरते. शाळा सुटली, शहर सुटलं आणि त्यामुळेच लग्न लवकर झालं, ही सगळी साखळी ‘विवाह’ या एका शब्दाखाली गाडली जाते.

२०११च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून अधिक माणसं स्थलांतरित म्हणून नोंदली गेली आणि त्यांत दोन-तृतीयांशाहून अधिक स्त्रिया होत्या. २०२०-२१च्या राष्ट्रीय श्रमबल पाहणीत स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के स्त्रियांचं कारण ‘विवाह’ असं आलं. हा आकडा दाखवून पुष्कळ अभ्यासक पुढे सरकतात. बायका लग्नामुळे हलतात, त्यात आणखी काय पाहायचं, असा एकूण सूर. मला वाटतं, खरं पाहायचं ते तिथूनच सुरू होतं. लग्न हे कारण आहे की आधी घडलेल्या गोष्टींचा शेवट आहे, हे त्या रकान्यातून कधी कळत नाही.

‘तरुण’ या शब्दाचीही अशीच गत आहे. २०१४च्या राष्ट्रीय युवा धोरणानुसार १५ ते २९ वयाची व्यक्ती म्हणजे युवा. आमच्या बहिणी चौदाव्या वर्षी ‘पोरी’ होत्या आणि सतराव्या वर्षी सुना झाल्या. मधल्या काळात त्यांना युवा कधी म्हणायचं? मुलाला तरुणपण मिळतं ते नोकरी शोधण्याच्या, भटकण्याच्या, चुकण्याच्या वर्षांत. त्या वर्षांत मुलीला घरी आणलेलं असतं.

म्हणून पुढच्या माझ्या कामात मी छापील प्रश्नावली बाजूला ठेवून चार साधे प्रश्न विचारू लागले. तू परत यायचं हे कुणी ठरवलं? तिथे काय सोडून आलीस? इथे आल्यावर कोणतं काम तुझ्या वाट्याला आलं? आणि ज्या घरात आलीस ते कुणाच्या नावावर आहे? पहिल्या प्रश्नाला बहुतेकजणी आधी हसतात. दुसऱ्या प्रश्नावर फार वेळ बोलतात. कुणी टायपिंगची परीक्षा सोडून आलेली असते, कुणी कबड्डीचा संघ, कुणी तिसऱ्या मजल्यावरची मैत्रीण. एकीनं सांगितलं, “मुंबईत मी नळावर भांडायची, इथे मला बोलायचीच चोरी झाली.” चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘आजोबांच्या’, ‘काकांच्या’, ‘भावाच्या’ असंच येतं.

कुणी म्हणेल, गिरणीचा संप जुना झाला, आता हे कशाला उगाळायचं? जुनं झालेलं नाही. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागू झाली आणि सबंध देशानं परतणारी माणसं पाहिली. १ मेपासून श्रमिक रेल्वेगाड्या सुटल्या. ८ मेच्या पहाटे जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. त्या सप्टेंबरात सरकारनं संसदेत सांगितलं की सुमारे १ कोटी ४ लाख मजूर आपापल्या राज्यांत परतले. त्यांच्यासाठी २० जून २०२० रोजी ‘गरीब कल्याण रोजगार अभियान’ निघालं: ६ राज्यांतले ११६ जिल्हे, १२५ दिवस, ५०,००० कोटी रुपये. महाराष्ट्र त्यात नव्हताच. पण जिथे ते होतं तिथेही परतणारा म्हणजे हाताला काम हवं असलेला मजूर, एवढंच गृहीत होतं. काम मिळालं पाहिजे यात वादच नाही. पण त्या मजुराबरोबर आलेली पंधरा वर्षांची मुलगी कुठल्या यादीत होती?

आमच्या कोकणात चाकरमानी आले, शाळांमध्ये चौदा-चौदा दिवस विलगीकरणात राहिले, गावकरी आणि चाकरमानी यांच्यात कुरबुरी झाल्या. ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या घरांवरची कौलं उडाली. या सगळ्याच्या बातम्या आल्या. त्याच घरांमध्ये एक फोन होता आणि शाळा फोनवर भरत होती. फोन कुणाच्या हातात गेला असेल हे तुम्हांला सांगायला नको. पाणी, राख, झाडणं, वादळानं पडलेल्या झाडांची लाकडं गोळा करणं ही कामं कुणाकडे गेली हेही नको. मी त्या वर्षअखेरीस गावोगाव बोलत होते तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीचीच वाक्यं पुन्हा ऐकली: “तिची शाळा काय, इथेही होईल.”

मराठवाड्यात तर परतणं दरवर्षीचं आहे. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात येतात. तिथे मजुरीचा हिशोब ‘कोयत्या’वर होतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुलीला मागे ठेवायचं तर तिची काळजी, बरोबर न्यायचं तर तिची शाळा बुडते, आणि लग्न लावलं तर नवा कोयता तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४३.७ टक्के होतं. याला नुसती ‘अनिष्ट प्रथा’ म्हणून भागणार नाही. जाण्या-येण्याच्या व्यवस्थेत मुलीला जागाच ठेवलेली नाही, म्हणून लग्न ही तिची जागा होते.

इथे एक आक्षेप आपल्याच चळवळीतल्या मैत्रिणी घेतात. त्या म्हणतात, शहरातल्या झोपडपट्टीत मुली कुठे सुखात असतात? गावी निदान चार माणसांचा आधार असतो. आक्षेप खोटा नाही. स्वतःहून परतणाऱ्या मुलीही मला भेटल्या आहेत. नर्सिंग करून तालुक्याच्या दवाखान्यात आलेली, शहरातल्या मारझोडीतून सुटून आलेली. त्यांचं येणं मला कमी महत्त्वाचं वाटत नाही. पण आधार आणि ताबा यांतला फरक त्या मुलीलाच विचारून कळतो, दुसऱ्या कुणाला नाही. परतणाऱ्या बाईसाठी आपल्या समाजाकडे खास असा एकच शब्द होता, ‘टाकलेली’. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, सांगली जिल्ह्यात परित्यक्तांनी घरासाठी, जागेसाठी, स्वतंत्र रेशनकार्डासाठी लढा दिला, तेव्हा कुठे माहेरी परतलेली बाई ही नागरिक म्हणून बोलू लागली. मुलींच्या बाबतीत ते अजून व्हायचं आहे.

आणि परतणारी माणसं इतिहास घडवू शकतात हेही आपण पाहिलं आहे. संपामुळे गावी आलेल्या गिरणी कामगारांमधूनच सांगलीच्या खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. दुष्काळाचा अभ्यास झाला, पाण्याचे मोर्चे निघाले, बळीराजा धरण झालं. शहरातून ते संघटनेची सवय घेऊन आले होते. त्यांच्या मुलीही शहरातून काहीतरी घेऊन आल्या होत्या. नळावर भांडण्याची सवय ही काही लहान गोष्ट नाही. ती वापरायला त्यांना गावात जागा मिळाली नाही.

मग आपण मागायचं काय? पहिलं, मोजणी. २०२१ची जनगणना झाली नाही. आता येणाऱ्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. तिच्या प्रश्नावलीवर आपला हात नसला, तरी गणना करणाऱ्या शिक्षिका आणि अंगणवाडी सेविका आपल्यातल्याच आहेत. स्त्रीची माहिती तिच्याच तोंडून घ्या, हे त्यांना सांगता येतं. नमुना पाहण्यांमध्ये आधीची ठिकाणं आणि ‘निर्णय कुणाचा’ हा प्रश्न असलाच पाहिजे, ही मागणी विद्यापीठांकडे आणि सरकारकडे लावून धरता येते.

दुसरं, शाळा. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण हा कायदा आठवीपर्यंतच आहे, आणि मुली अडतात त्या नववी-दहावीत. कायद्याचं संरक्षण बारावीपर्यंत वाढलं पाहिजे आणि तालुक्याला मुलींची वसतिगृहं झाली पाहिजेत.

तिसरं, घर. महाराष्ट्रात २२ जून १९९४पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क मिळाला. आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या, २००५च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. तरी अजून भावाच्या प्रेमापोटी आणि माहेर तुटेल या भीतीपोटी हक्कसोडपत्रांवर सह्या होतातच. गिरणी कामगारांच्या घरांची सोडत २०१२ साली निघाली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा नंतर पटावर असलेले कामगार आणि त्यांचे वारस यांचा त्यावर हक्क आहे. वारस म्हणजे भाऊ, असं घरोघरी धरून चालतात. संपाची किंमत शाळा सोडून मोजलेल्या मुली वारस नाहीत काय? कागद आला तर सही करण्याआधी वाचा, संघटनेत विचारा, घाई करू नका.

चौथं काम आपल्या गटांचं. तुमच्या गावात, वाडीत, वस्तीत गेल्या पाच-सहा वर्षांत शहरातून आणलेल्या मुली किती आहेत? बचत गटाच्या पुढच्या बैठकीत नुसती यादी करा. मुलीचं आताचं वय, येतानाची इयत्ता, आता शाळेत आहे की नाही, आणि वर सांगितलेले चार प्रश्न. उत्तरं तिच्या आईकडून नको, तिच्याकडूनच घ्या, आणि तिची तयारी असेल तरच. मुलींची नावं न घालता ती आमच्याकडे लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यांवर बोलू.